लटारूची पाच बोटं

ह्या काठी चंद्रपूर जिल्हा, त्या काठी गडचिरोली, अन् मधात लटारू. वैनगंगेचा कारभार वीस-बावीस वर्सापासून असाच चालून राह्यला होता. मास्तर असो, नर्सबाई असो, नवी सून असो नाई तं बकऱ्या, मार्कंड्याच्या घाटावर जाचं तं लटारूच्याच डोंग्यात बसा लागे. एकदा तं एका वरातीचा आख्खा बँड त्यानं पार नेला, ढोल वाजतच. नवरदेवाले भेव लागत होतं. लटारूनं सांगतलं, "वाजवत राहा लेकहो. डोंगा हालला तं त्याले वाटन नाचून राह्यला." असा मानूस पुऱ्या तालुक्यात दुसरा नाई. हे लटारू एकटाच म्हने असं नाई. लटारूले इचारा, तो सांगन का सारेच म्हनतेत.

शिक्षन आठवी. नववीत गेला असता, पन त्या साली मास्तर रोज त्याच्याच डोंग्यात बसून शाळेत येत. ज्या मानसाचा जीव आपन सकायी हातात धरला, त्याच्याच हातची छडी दुपारी खाची, हे लटारूले पटलं नाई.

ढिवराच्या ह्या घरात एक रीत होती. बाप देवाजीनं ती त्याच्या बापापासून घेतली होती. डोंगा सोडाच्या आंधी जो कोनी डोंगा ढकलाचा बांस धरनार, त्यानं डोंग्याच्या काठावर हात ठेवाचा अन् आज अंगात जेवढा दम हाय तेवढी बोटं पसराची. पाच म्हंजे भरपूर. तीन म्हंजे काम चालन. एक म्हंजे घरी जाऊन नीज. तोंडानं बोलाचं नाई, कोनी काऊन म्हून इचाराचं नाई, कोनी हसाचं नाई. दोघाची बोटं जोडून पाच भरली तं डोंगा सुटे. नाई भरली तं दोर खुंट्यालेच, मंग पलीकडे तहसीलदार उभा राहो का जावई.

लटारूनं जल्मात पाचाच्या खाली दाखोलं नाई. हात लचकला, पाच. रातभर लग्नात नाचला, पाच. मलेरियाचा ताप अंगात फनफनत होता, तरी पाच.

त्या तापाच्या दिवसाची गोष्ट तो चावडीवर अशी सांगे, "उर्वशी बारा वर्साची होती. बाबाचा पाय मोडलेला. म्या म्हनलं, पोरीले शिकवाचा हाच मोका. मधधारेत बांस तिच्या हाती देल्ला अन् मी डोंग्यात लेटून राह्यलो. म्हनलं, पाहू कशी नेते तं. नेला नं तिनं. कोनी शिकोलं? लटारूनं."

उर्वशी, त्याची लहान बहीन, बाजूलेच बसून तांदूर निवडत राहे. 

आता ह्या उर्वशीचं सांगाचं म्हंजे लटारूले पानी प्या लागे, एवढं ते लंबं होतं. गावातली पहिली पोरगी जे कॉलेजात गेली. कॉलेजातून कॅम्पले नागपूरले गेली अन् तिथी एका तलावावर तिनं शीडाची होडी पायली. दोन दिवसाचा कॅम्प, पोरगी पंधरा दिवसानं घरी आली, तेही नाक भाजून, हाताले फोड घेऊन अन् दात काढून हासत. तवापासून यॉट एके यॉट. चंद्रपूरकडच्या एका धरनावर धम्मदीप सर पोराइले यॉट शिकवत, त्याइच्या हाताखाली ती कामाले लागली.

"यॉट म्हंजे का रे लटारू?" गावातले इचारत.

"डोंगाच हाय," लटारू सांगे. "फक्त ढिवराच्या जागी वाऱ्याले नोकरीवर ठेवलं हाय."

यंदा त्या धरनावर मोठी शर्यत होती. सात यॉटा, तीन चक्कर. पहिल्या तीन यॉटाच्या सुकानू धरनाऱ्याले समुद्रावर सहा महिन्याच्या ट्रेनिंगले जाले भेटनार, अन् तिथून परत येऊन शिकवनाऱ्याचं सर्टिफिकेट. वयाची अट पंचवीस. उर्वशीले पंचवीसावं संपाले दीड महिना राह्यला होता. म्हंजे यंदा तिसरी आली तं समुद्र, चौथी आली तं घर.

अन् शर्यतीच्या दोन दिवस आंधी तिची जोडीदार, माजरीची साधना, मोरीत पाय घसरून पडली अन् मनगट सुजवून बसली. एका यॉटीवर दोघं लागत. एक सुकानू धरनारी, दुसरा भाराचा, जो यॉट वाऱ्यानं एका अंगाले कलली का दुसऱ्या अंगानं बाहेर लटकते अन् तिले उलटू देत नाई.

उर्वशीनं फोनवर एवढं सांगतलं नाई तं लटारू म्हने, "मी हाय नं."

"भाऊ, ते डोंग्यावानी नाई. पाय पट्ट्यात अडकवून पुरं आंग पान्यावर लटकवा लागते. पोटाच्या बळावर. दोन घंटे."

"माहं पोट पाय तू. दोन घंटे काय, दोन दिवस लटकन."

बायको, कलाबाई, चुलीपाशी होती. तिनं त्या पोटाकडे पायलं अन् पोई पलटवली. "अजी, पोट लटकते हे खरं हाय," ती म्हने.

शर्यतीच्या दिवशी धरनाच्या पायीवर, म्हंजे बांधावर, लटारूचं अर्धं गाव होतं. दोन गाड्या भरून मानसं आनली होती त्यानं. त्या गाड्या ठरवाले आदल्या दिवशी तीन गावं पायानं फिरला अन् झोप झाली दोन घंटे. मंगयवारी डोंगा चिखलातून एकट्यानं ओढला होता, तवापासून उजवा खांदा वर जातानी कटकट वाजे. सकायपासून पान्याचा घोट घेतला नव्हता, काऊन का यॉटीवर लघवीले जाचं कुठी, हा प्रश्न त्याले पडला होता अन् तो बहिनीले इचारता येत नव्हता. वरून नाश्त्याले तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी दाबल्या होत्या. म्हंजे तयारी पक्की होती.

धम्मदीप सर कागद घेऊन सामने आले. बारीक मानूस, डोक्यावर टोपी, आवाज कधी चढे नाई.

"लटारूभाऊ, झोप झाली?"

"घोरून."

"पानी पेलं?"

"नदीवरचा मानूस हावो सर. पानीच पेतो."

"कुठी दुखते-खुपते? गोया-औषध चालू?"

"आजार माया नावानं सात-बारावर चढलाच नाई अजून."

सरानं लिवलं. मंग एक नारंगी जाकीट त्याच्या सामने धरलं. लटारू दोन पाय मांगे सरला. "सर, ढिवराले हे जाकीट म्हंजे मासोयीले छत्री."

"मासोयी व्हा भाऊ, मी कुठी नाई म्हनतो. पन हे घालून व्हा. नाई तं काठावर बसून टाया वाजवा."

टाया वाजवाचं काम लटारूच्या खानदानात कोनी केलं नव्हतं. त्यानं जाकीट घातलं. पोटावरचा पट्टा लागेना. धम्मदीप सरानं त्याले श्वास सोडाले लावला, उर्वशीनं ओढलं, अन् कट्ट झालं. पायीवरून कलाबाई बाजूवालीले सांगत होती, "आमच्या लग्नात कोट घातला होता, तवाबी असाच दिसे." देवाजी बाबा तिथीच डोक्शावर दुपट्टा टाकून, काठी मांड्यावर आडवी ठेवून बसला होता. तो काई हासला नाई.

यॉट सोडाच्या आंधी उर्वशीनं यॉटीच्या काठावर हात ठेवला. पाच बोटं. तिच्या बाजूले लटारूचा पंजा थाप्पकन पडला. पाच. एवढी रुंद पसरली का अंगठा दोरात अटकला.

शिटी वाजली.

पहिल्या चक्कराचं लटारू आज बी सांगते अन् ऐकनारे आज बी खुर्ची जवय ओढतेत. शीड फडफडलं, भरलं, अन् यॉट अशी निंगाली का वैनगंगेनं बावीस वर्सात त्याले असा झटका देल्ला नव्हता. ना बांस, ना मोटर, ना घाम. उर्वशी म्हने, "भाऊ, बाहेर," अन् तो बाहेर. पाय पट्ट्यात, ढुंगन काठावर, बाकी सारा लटारू पान्यावर. पाठीखालून पानी सनसन करत पयून राह्यलं, डोक्शावर आभाय, कानात वारा. त्याले एकदम हासू सुटलं. पोरासोरासारखं, कायचं तेही माहीत नाई, खी खी खी. उर्वशीलेही सुटलं. दोघं भाऊ-बहीन हासत हासत चक्कराची खून म्हून पान्यात सोडलेल्या पहिल्या नारंगी पिपाले मोड मारून गेले, तं मांगची यॉट पाहतच राह्यली का ह्याइले झालं काय.

पायीसामोरून जातानी त्यानं एक हात सोडून गावाले सलाम केला. उजवाच हात. खांदा असा वाजला का उर्वशीनं वयून पायलं.

"काय होतं ते?"

"शीड वाजलं."

"बोटं, भाऊ."

लटारूनं पाच दाखोली. तिनं शीडाचा दोर जरासा सोडला. यॉट थोडी सरळ झाली, थोडी हळू.

"काऊन सोडून राह्यली? तिसऱ्या नंबरवर हावो आपन."

"वारा पाहून सोडला."

दुसऱ्या चक्करात वारा वाढला. पान्यावर वाऱ्याच्या झोताच्या बारीक कायपट सुरकुत्या पयत याच्या अन् त्या यॉटीले लागल्या का ती एका अंगावर झुके. तवा लटारूले पुरा बाहेर जा लागे, अन् सुरकुती गेली का झटकन आत. बाहेर, आत. बाहेर, आत. तोंडाले कोरड पडली. जीभ टायूले चिकटली. तर्री वर येऊन इचारून गेली का मी येऊ का. मांड्या थरथराले लागल्या, तं त्यानं त्याइले मनातल्या मनात शिव्या घातल्या. नदीत कसं असते, थकला का धार थोडी दूर वाहून नेते, मानूस दम खाऊन घेते. वारा दम खाऊ देत नाई. वाऱ्याले लटारूचं नावही माहीत नव्हतं.

"भाऊ, बोटं."

पाच. पन हात दोन टाइम हालला तवा पाच झाली.

उर्वशीनं दोर आनखी सोडला. "मांगं पानी हाय बाटलीत. पे."

"नाई लागत."

"लघवीचं काय असन तं ते काठावर पाहू. आता पे."

लटारू लाल झाला, पन पेला. अर्धी बाटली एका दमात. चौथी यॉट, नागपूरच्या दोन पहेलवान पोराची, बरोबरीले येऊन चिपकून चालाले लागली. पोराइनं शीड कटकटीत तानून ओढलं होतं. "काका, आरामात या," त्यातला एक बोलला. काका. पायीवर अर्धं गाव असतानी.

तिसरं चक्कर लागलं. दुसरा पीपा दूर होता अन् वारा तिकडूनच येत होता. लटारू बाहेर गेला अन् डाव्या मांडीत गोया चढला. दगडासारखा. डोयासामने पांढरे पांढरे ठिपके उडाले. हातातला पुढच्या शीडाचा दोर त्याले दिसत होता, पन मूठ आवयते का नाई ते समजत नव्हतं. त्यानं आंग आत घेतलं, त्याबरोबर यॉट कलली अन् पानी काठावरून आत आलं, थंड, घुटन्यापर्यंत.

"भाऊ," उर्वशी म्हने. आवाज चढला नव्हता. "बोटं."

आता लटारूच्या जागी दुसरा कोनी असता तं त्याले सोपं होतं. दुसऱ्याच्या मांगं अर्धं गाव नव्हतं. तीन दाखोली तं बहीन शीड खाली घेईन, यॉट मांगं पडन, चौथी नाई तं पाचवी येईन, अन् पोरगी समुद्राऐवजी घरी. कोनामुळे? लटारूमुळे. पाच दाखोली तं ती पाचाच्या भरवशावर शीड ओढन. पाच तं आंगात कुठी नव्हतीच.

अन् त्याले तो डोंगा दिसला. तापाच्या दिवसाचा. चावडीवरचा नाई, खरा. बांस हातून सुटला होता अन् लटारू चिखलाच्या पोत्यासारखा खाली पडला होता. डोये उघडले तं कानात पानी होतं अन् कानाजवय दोन बारके पाय. एकात पैंजन, एकात नाई. ते पाय लटलट कापत होते. वर पोरगी बांस मारत होती अन् स्वतःशीच मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, एक, दोन, काठ लागेपर्यंत. लटारूनं डोये पुन्हा मिटून घेतले होते. जागा हाय हे तिले समजू देल्लं नव्हतं. तेरा वर्सं झाली, कोनाले सांगतलं नाई.

त्यानं हात यॉटीच्या काठावर ठेवला. अंगठा मुडपला. करंगयी मुडपली. तिसरंही मुडपलं.

दोन बोटं.

पायीवरून कोनाले दिसलं असन नसन, पन लटारूले वाटलं का दोन्ही जिल्ह्याइनं पायलं.

उर्वशीचा चेहरा पांढरा झाला. एका झटक्यात तिनं दोर सोडला, यॉटीचं तोंड वाऱ्यात घातलं, पुढचं शीड खाली ओढून गुंडायलं अन् त्याच्यावर लटारूले बसोलं. मोठं शीड अर्ध्यावर आनून बांधलं. मंग सुकानूवर हात ठेवून त्याले दाखोलं. पाच बोटं.

"आत बस. पाय लंबे कर, आंगठा आपल्याकडे ओढ. डबडब्यानं पानी उपस. बाहेर याचं नाई."

"उर्वशे, नंबर."

"पानी उपस, भाऊ."

लटारू पानी उपसत राह्यला. दोन यॉटा आरामात पुढं गेल्या, त्यातली मांगची पहेलवान पोराइची. एकीतल्या मानसानं हात हालवला, तं लटारूनंही डबडबं हालवलं, आता राह्यलं काय होतं. पाचवे.

मंग दुसऱ्या पिपापाशी मोठी सुरकुती आली. रुंद, काईच्या काई कायीकुट्ट. पहेलवान पोराइनं शीड कटकटीत ओढलेलंच होतं. त्याइची यॉट पिपाले मोड मारतामारता उभी झाली, जराशी थांबली, जसा मानूस शिंकाच्या आंधी थांबते, अन् पलटली. दोन्ही पोरं जाकिटावर बुचावानी वर आले अन् यॉटीच्या ढुंगनाले धरून हासाले लागले. मोटरवाली होडी तिकडे गेली. त्याइच्या पुढच्या यॉटीतल्या भाराच्या मानसालेही मांडीत गोया चढला होता, पन त्यानं कोनाले सांगतलं नव्हतं. तो जागीच आडवा झाला अन् त्याइनं शीड पाडून मोटरवाल्याची वाट पायली.

अन् तीच सुरकुती उर्वशीच्या अर्ध्या शीडाले लागली तं यॉट नुसती, "हं," म्हनल्यासारखी झुकली अन् चालत राह्यली. पहेलवानाइच्या बाजूनं जातानी लटारूनं डबडबं वर केलं.

"आरामात या, बेटेहो," तो म्हने.

तिसरे. मानूस बाजारातून पिशी घेऊन येते तेवढ्या चालीनं, पन तिसरे. पायीवरून असा गोंधय उठला का धरनातले बगये उडाले. शेवटच्या दोन हातावर उर्वशीले पुन्हा हासू सुटलं, मंग लटारूले, अन् उतरतानी लटारूची मांडी आवयलेलीच असल्यानं तो यॉटीतून सरळ घुटन्याएवढ्या पान्यात बसला. त्याले उठोता येईना. त्याच्या बाजूलेच उर्वशी पान्यात बसली. कलाबाई लुगडं खोचून आत आली अन् दोघाइच्या डोक्शावर आलटून पालटून थापा मारू लागली.

धम्मदीप सर कागद घेऊन आले. "लटारूभाऊ, सकायी तुमी सांगतलं का काईच दुखत नाई."

"सर, ते खोडा. खांदा लिवा, मांडी लिवा, झोप लिवा. जागा पुरली नाई तं मांगच्या पानावर लिवा."

मंग देवाजी बाबा काठी टेकत खाली आला. लटारू मान खाली घालून होता. बापानं त्याच्याकडे पायलं नाई, पोरीले इचारलं, "किती दाखोली होती ह्यानं?"

"दोन, बाबा."

म्हाताऱ्यानं दुपट्टा डोक्शावरून काढला. "दोन? ह्यानं?"

"मले तं वाटलं भाऊ गेला," उर्वशी म्हने. "लहान होती तवाच तुमी सांगतलं होतं, भाऊचे पाच दिसले का तीन धरजो. पुरी शर्यत म्या तीनाचंच शीड ठेवलं. पन दोनाचा हिशोब तुमी सांगतलाच नव्हता."

लटारूनं मान वर केली. "म्हंजे माये पाच घरात कोनी कधी धरलेच नाई?"

"तुया आजानंही नाई," देवाजी म्हने.

"मंग आज माये दोन कितीचे धरले?"

"झिरो," उर्वशी म्हने. "तुये झिरो अन् माये पाच. जोडून पाच भरले म्हून यॉट चालवली. नाई तं म्याही शीड पाडून मोटर बोलावली असती."

लटारूनं जरा इचार केला. पान्यात बसूनच. मंग गोया चढल्या मांडीवर हात मारला, कन्हला अन् हासाले लागला. "अन् त्या तापाच्या दिवशी? तवा बी तुले माहीत होतं?"

उर्वशी जाकिटाचा पट्टा सोडत होती. "तू डोये मिटले तेही माहीत होतं, भाऊ. म्हून तं मोठ्यानं मोजत होती. तुले समजाले पायजे का कोनी तरी जागं हाय."

लटारूनं तोंडावर पानी मारलं. दोन-तीन टाइम मारलं.

आता उर्वशी समुद्रावर हाय. तिथून फोटो पाठोते, नाक भाजलेलं, दात काढलेले. अन् इथी घाटावर लटारू रोज सकायी डोंग्याच्या काठावर हात ठेवते. त्याच्या बाजूले कलाबाईचा हात, बांगड्यासकट. कधी चार दाखोते, कधी तीन. परवा जत्रेचे पाहुने डोंग्यात बसले होते, त्याच्यातला एक पुसे, "काका, हात काऊन असा ठेवला?" लटारूनं बांस बायकोच्या हाती देल्ला, स्वतः मधात पाय पसरून बसला अन् दोन बोटं वर धरली.

"हे पाय. सात यॉटा, अर्धं गाव सामने, अन् म्या दोन दाखोली. दोन. पाच तं कोनीही दाखोते लेकहो, हात असला का झालं. दोन दाखोवाले छाती लागते. पुऱ्या वैनगंगेत, ह्या काठी अन् त्या काठी, असे दोन दाखोनारा मानूस दुसरा नाई."

"अजी, जरा सरका," कलाबाई म्हने. "डोंगा एका अंगाले कलून राह्यला."